झाशीच्या पडवीतली अपाची टोपली

गेल्या वर्षी मी या ब्लॉगवर माझ्या टोपल्यांबद्दल लिहिलं होतं. गडचिरोलीच्या बांबूपासून मणिपुरी वेतापर्यंत जमवलेल्या टोपल्यांचे फोटो टाकले होते आणि शेवटी सहज एक ओळ लिहिली होती, की अमेरिकेतल्या अपाची लोकांची एक टोपली एकदा तरी हातात धरून पाहायची आहे. त्या ओळीवर दहा महिन्यांनी उत्तर आलं, तेही झाशीहून.

"मेघनाजी, आमच्या घरी अपाची टोपली आहे. चाळीस वर्षं काचेच्या कपाटात ठेवली आहे. आता आम्ही दोघं मुलाकडे बंगळुरूला कायमचे चाललो आहोत. ती कुणा जाणकाराच्या हाती जावी असं वाटतं. येऊन पाहावी. वसंत दिघे."

खाली फोन नंबर आणि घराचा पत्ता होता, लक्ष्मी गेटजवळचा. मी दोनदा फोन केला आणि तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

नागपूरहून झाशीला जाणं सोपं आहे. दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात आणि रात्रभराचा प्रवास पुरतो. मी संध्याकाळची गाडी घेतली, सकाळी ललितपूरला जाग आली, आणि चहा संपेपर्यंत झाशी आलं. ऑक्टोबरचा शेवट होता, हवेत नुसता गारवा. जाणार असाल तर याच दिवसांत जा. मे-जूनमध्ये इथला दगड रात्रीसुद्धा तापलेला असतो म्हणे. स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात अठराशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. खाली चौकात गरम कचोरी आणि बटाट्याची पातळ भाजी खाल्ली, आणि ई-रिक्षाने गावात गेले. माणशी वीस रुपये, सहा माणसं, दोन पिशव्या फुलकोबी.

मला अपाची टोपलीचं इतकं वेड का, हे आधी सांगते. त्या लोकांकडे विणकामाचे दोन मुख्य प्रकार. एकात काड्यांचा गाभा गोल गोल फिरवत नेतात आणि त्याला चिरलेल्या काडीने टाके घालत जातात. पसरट परात, धान्याचे उंच रांजण असे त्यातून होतात. दुसऱ्यात उभ्या काड्यांमधून आडव्या काड्या पिळून घेत भिंत चढवतात. काळी नक्षी रंगवलेली नसते. वाळवंटातल्या एका झाडाच्या फळाला लांब वाकड्या शिंगांसारखी टोकं असतात, त्यांचं साल सोलून वापरतात, म्हणून शंभर वर्षांनीही काळं ते काळंच राहतं. आपल्याकडे माळावर वाघनखी उगवते ना, तिच्याच गोतावळ्यातलं झाड. संग्राहक याच्यावर जीव टाकतात. टाका किती बारीक, गाभा किती घट्ट, नक्षीत माणसं, कुत्री, घोडे आहेत का, हे भिंगातून बघतात. एका मोठ्या टोपलीला महिनेच्या महिने लागत, आणि काड्या कापण्या-सोलण्याचे दिवस वेगळे. आता विणणारे हात थोडे उरलेत, त्यामुळे जुनी टोपली निघाली की ती कपाटात जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही. हे सगळं मी पुस्तकांत आणि फोटोंत पाहिलेलं. प्रत्यक्षात एकदाही नाही.

दिघ्यांचं घर तीन मजली, सिमेंटचं, खालच्या मजल्यावर भाड्याने दिलेलं शिवणयंत्रांचं दुकान. वसंतकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे, सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे कुणी पूर्वज अठराव्या शतकात फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले.

"आम्ही घरात मराठी बोलतो," ते हसून म्हणाले, "पण रागावतो हिंदीत. नातवंडांना समजतं सगळं, बोलत मात्र नाहीत जी."

कुसुमकाकू पाणी घेऊन आल्या. त्यांचं माहेर गुरसरायचं, तेही जुन्या मराठी घरातलं. त्यांच्या बोलण्यात फडताळ, वेळणी असे शब्द येत होते, जे मी माझ्या आजोळीच शेवटचे ऐकलेले.

काकांनी किल्लीने कपाट उघडलं आणि टोपली माझ्या हातात दिली. पसरट परात, मधोमध काळी चांदणी, कडेने हात धरून उभी असलेली माणसं. चाळीस वर्षांपूर्वी कारखान्याने त्यांना अ‍ॅरिझोनातल्या एका वीजकेंद्रावर वर्षभर प्रशिक्षणाला पाठवलं होतं, काकूही बरोबर होत्या. परतताना हायवेवरच्या एका दुकानातून त्यांनी ही घेतली. 'अस्सल अपाची' अशी छापील चिठ्ठी अजून मागे चिकटलेली होती.

"घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ही दाखवली आहे," काका म्हणाले. "आमच्या जीएमसाहेबांनी पण हातात घेऊन बघितली. फक्त इथे काठ जरा उसवला आहे. तेवढा दुरुस्त करून तुम्हाला द्यावी म्हणतो."

मी उसवलेल्या काठाकडे पाहिलं. आत काड्या नव्हत्या, गवताचा झुपका होता. टोपली फार हलकीही होती. पुस्तकात वाचलेला तीन काड्यांचा टणक गाभा बोटांना कुठेच लागेना. पण काका माझ्या चेहऱ्याकडे इतक्या आशेने बघत होते, की मी म्हणाले, "सुंदर आहे." तेवढं खोटं नव्हतं.

जेवायला आमटी-भात, भोपळ्याची भाजी आणि मठ्ठ्यात बुडवलेले उडदाचे बरे. बरे म्हणजे इकडचे वडे, काकूंच्या घरात ते आमटीच्या शेजारी जाऊन बसलेत. जेवून हात धुवायला मागच्या पडवीत गेले, तर तिथे कबाडीवाल्यासाठी ढीग रचून ठेवलेला. फुटका कूलर, जुन्या वह्या, पत्र्याचे डबे. ढिगाच्या वर, कपड्यांच्या चिमट्यांनी भरलेली, एक खोल टोपली.

मी नळ सुरूच ठेवून उभी राहिले. तिच्या अंगावर काळपट दोन पट्टे होते, तळाला चामडं लावलेलं, आणि बाजूंनी चामड्याच्या वाद्या लोंबत होत्या. प्रत्येक वादीच्या टोकाला पत्र्याचा छोटा शंकू. मी टोपली उचलली तेव्हा ते शंकू एकमेकांवर आपटून बारीक वाजले. फोटोंत हा आवाज नसतो.

पाठीवर ओझं वाहायची ही टोपली अपाची बायका सरपण, मका, रानफळं आणायला वापरत, आणि मुलगी वयात आल्यावर होणाऱ्या त्यांच्या सोहळ्यात तिला अजूनही मान आहे. हे मला माहीत होतं. आणि ती माझ्या हातात होती, चिमट्यांसकट.

"काकू, ही कुठली?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"ती होय? तिकडचीच. चामडं आहे ना, सासूबाईंनी घरात घेऊ दिली नाही. तेव्हापासून इथेच." काकू क्षणभर टोपलीकडे बघत राहिल्या. "मुलगा म्हणतो, सामान कम आणा. हवी असेल तर ने."

मी म्हणाले, "नेईन."

त्यापुढे मी एक शब्द बोलले नाही. काकूंनी चिमटे एका डब्यात ओतले, टोपली जुन्या साडीत गुंडाळली आणि मला दिली. काकांनी तर तिच्याकडे पाहिलंही नाही. "अरे, ये कबाड़ कशाला नेता?" एवढंच म्हणाले. मी हसले.

हॉटेलवर पलंगावर ठेवून मी ती तासभर पाहिली. काड्या एकसारख्या चिरलेल्या, वीण अशी की बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. फक्त मध्यावर, वरच्या काळ्या पट्ट्याच्या खाली, दोन फेरे वेडेवाकडे होते. पीळ कुठे सैल, कुठे दुहेरी. मी मनात नोंद केली, एवढा एक दोष आहे. मग फोटो काढून नागपूरला नवऱ्याला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "त्यांना सांगितलंस ना, काय आहे ते?" मी फोन उलटा ठेवला आणि बाजारात गेले.

बडा बाजार दुपारनंतर चालत फिरायचा. गाडी आत नेण्याच्या फंदात पडू नका. दिवाळी जवळ आलेली, त्यामुळे पणत्या, लाह्या, रांगोळी आणि नवीन सुपं. एका बंद दुकानाच्या पायरीवर मुन्नीबाई सुपं-डलिया विकायला बसल्या होत्या, पन्नाशीच्या, विकता विकता विणणाऱ्या. डलिया म्हणजे इकडची छोटी टोपली. मी ऐंशी रुपयांना एक घेतली आणि त्यांच्याशेजारी बसून राहिले. त्या बांबूची पट्टी पायाच्या अंगठ्यात धरून चिरत होत्या. उसवलेला काठ दुरुस्त करून द्याल का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "देखें बिना का कहें, दीदी। सकारें आ जैहें।" पाहिल्याशिवाय काय सांगू, सकाळी येते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही दोघी दिघ्यांकडे पोचलो. साडीत गुंडाळलेली टोपली माझ्या पिशवीत होती. का बरोबर घेतली होती, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. हॉटेलात सोडवेना, आणि घरी न्यायचंही धैर्य होत नव्हतं.

काकांनी परात मुन्नीबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी उसवलेला काठ चिमटीत धरला, वास घेतला, उलटी करून पाहिली.

"बाबूजी, जौ तो खजूर आय," त्या म्हणाल्या. "भीतर काँस भरो है। हमाई नानी ऐसई बनात तीं, रोटी धरबे खों।"

खजुरीची पात, आत काँस गवत, पोळ्या ठेवायला त्यांची आजी बनवायची तशी.

"ये अमरीका से आई है," काका म्हणाले.

"आई हुइए बाबूजी। पर बनी इतईं की लगत।" आली असेल, पण बनलेली इकडचीच दिसते.

काका माझ्याकडे वळले. "मेघनाजी?"

आता मला हो म्हणावं लागलं. मी सांगितलं, की अपाचींची टोपली बाहेर इतकी मागतात, की तिच्या नकला दुसऱ्या देशांत करवून तिकडच्या दुकानांत ठेवल्या जातात. आपल्या बाजूच्या कारागिरांकडूनही असं काम करून घेतलेलं आहे असं मी वाचलं होतं. "कालच शंका आली होती," मी म्हणाले. "बोलले नाही."

काकांनी परात परत घेतली नाही. ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. "चाळीस साल," एवढंच म्हणाले. त्या माणसाने कुणाचं काही घेतलेलं नव्हतं, कुणाला जाणून फसवलेलं नव्हतं. एक वस्तू जपली होती आणि तिच्याबद्दल अभिमानाने बोलत आला होता. आणि माझ्या पिशवीत त्याच घरातली खरी टोपली होती, जी मी कबाड म्हणून उचलून नेत होते.

मी साडी सोडली आणि टोपली मधे ठेवली. शंकू वाजले.

"काका, अपाची टोपली तुमच्या घरात आहे. ही. काल मला पाहताक्षणी कळलं होतं. मी सांगितलं नाही, कारण मला ती हवी होती."

हे बोलताना मी जमिनीकडे बघत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काय म्हणतील याची मला काकांपेक्षा जास्त भीती वाटली.

मुन्नीबाईंना आमच्या मराठीतलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी टोपली ओढून घेतली आणि काठापासून खाली बोट फिरवत नेलं. "जा अलग आय। लकड़िया चीरी है, बेंत घाईं। अच्छो हाथ है।" ही वेगळी आहे, काडी वेतासारखी चिरलेली, चांगला हात आहे. मग बोट मध्यावर थांबलं, त्या दोन फेऱ्यांवर. त्यांनी टोपली उजेडाकडे धरली.

"इतै हाथ बदलो है। जे दो फेरा काऊ सीखबे वारी के आयँ।"

इथे हात बदलला आहे, हे दोन फेरे कुणा शिकणारीचे आहेत. मी ज्याला दोष म्हणाले होते ते.

"माझे आहेत," कुसुमकाकू म्हणाल्या.

त्या येऊन मुन्नीबाईंच्या समोर जमिनीवर बसल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते काकाही पहिल्यांदाच ऐकत होते.

"हे सकाळी सातला प्लांटवर जात. मी दिवसभर एकटी. इंग्रजी येईना, बाहेर जायची भीती. शेजारी एक बाई राहायची, डेला. अपाची होती. अंगणात पाय पसरून बसायची आणि टोपली विणायची. गुरसरायला आमच्या दारासमोर बाया अशाच बसायच्या. एक दिवस मी आपली जाऊन बसले. तिनं काही विचारलं नाही. सरकून जागा दिली."

"बोलायचात कशा?" मी विचारलं.

"कुठे बोलायचो? ती काडी दातात धरायची आणि हातांनी खेचून एकीच्या तीन करायची. मला पण शिकवलं. माझे दात दुखायचे, ती हसायची. नदीकाठी काड्या कापायला पण घेऊन गेली दोनदा. मी तिला पोळ्या खिलवल्या." काकूंनी टोपलीवर हात ठेवला. "आमची जायची तारीख आली तेव्हा ही अर्धी झाली होती. तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि खूण केली, घाल. मी दोन फेरे घातले, सगळे चुकले. उसवायला लागले तर तिनं हात धरला. नाही म्हणाली. त्याच्यावर आपली वीण चढवली. जायच्या आदल्या दिवशी पुरी करून दारात आणून दिली."

"तू कधी बोलली नाहीस," काका म्हणाले.

"आल्या दिवशीच सासूबाई म्हणाल्या, चामडं बाहेर. तुम्ही तुमची परात सगळ्यांना दाखवत होतात. मग मुलगा झाला. पुन्हा कुणी विचारलं नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं. "चिमटे ठेवायची, तेव्हा रोज हात लागायचा. ठीक होतं."

"मग कबाडात का टाकलीत?" मी विचारलं.

"बंगळुरूला ही काय आहे ते कुणाला सांगत बसू? तू विचारलंस तेव्हा वाटलं, कुणीतरी बघितलं तरी तिच्याकडे."

मी टोपली त्यांच्या मांडीवर सरकवली. त्यांनी नको म्हणून पाहिलं नाही. धरून ठेवली.

काका उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने कपाटाची किल्ली घेऊन आले आणि काकूंसमोर ठेवली. "आता ही ठेव तिथे."

"आणि चिमटे कुठे ठेवू?" काकू म्हणाल्या. मुन्नीबाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या, मग काकाही.

दुपारी सगळ्यांनी एकत्र चहा घेतला. मुन्नीबाईंनी परातीचा काठ खजुरीच्या ओल्या पातीने शिवून दिला, इतका बेमालूम की जोड सापडेना. काकू त्यांच्या शेजारी बसून पात धरायला मदत करत होत्या आणि दोघींचं बुंदेलीत काहीतरी चाललं होतं, मला अर्धंमुर्धं कळत होतं. डेला काड्या कशा ओल्या ठेवायची, इथल्या बाया पात कशी ठेवतात, असं काहीसं. काका कान देऊन ऐकत होते.

संध्याकाळी किल्ल्यावर गेले. सगळे जातात, तुम्हीही जाल, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. वरून जुनं गाव एकमेकांना चिकटलेल्या गच्च्यांचं दिसतं, आणि लक्ष्मी गेटकडच्या गच्च्यांवर कपडे वाळत होते.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी निरोप घ्यायला गेले, तेव्हा काकांनी परात कागदात बांधून तयार ठेवली होती. "ही तरी न्या. आता चिठ्ठी काढून टाकली आहे." मी आनंदाने घेतली. ती उत्तम हातांनी विणलेली टोपली आहे. फक्त तिला दुसऱ्याच्या नावाने जगावं लागलं. काकू जिन्यापर्यंत आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू नेली असतीस तरी मी काही बोलले नसते." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मला बरं वाटलं नाही.

नागपूरला येऊन आता दोन महिने झाले. दिघे बंगळुरूला गेले. परवा काकांचा फोन आला होता. मुलाच्या फ्लॅटमध्ये टोपली दिवाणखान्यात आहे, नात येता-जाता शंकू वाजवते, आणि येणाऱ्या पाहुण्यांना डेलाची गोष्ट काकाच सांगतात. मागून काकूंचा आवाज आला, "सगळी गलत सांगतात. विचार त्यांना, नदी कुठल्या बाजूला होती." काका म्हणाले, "बघा, आता बोलते."

माझ्या भिंतीवर झाशीची परात लावली आहे. येणारे विचारतात, अपाची टोपली मिळाली का. मी सांगते, हातात धरली, पुरे. पण हे वाचून तुम्ही मला भली समजू नये म्हणून एक गोष्ट लिहायला हवी. नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी पूर्ण एक रात्र दिलं नव्हतं. मुन्नीबाईंना मी काठ दुरुस्त करायला बोलावलं होतं, खरं सांगायला नव्हे. त्या सकाळी त्यांना दुसरं काम निघालं असतं, तर ती टोपली आज माझ्या कपाटात असती, तिच्याखाली 'अपाची, ओझ्याची टोपली' अशी चिठ्ठी असती, आणि मध्यावरच्या दोन फेऱ्यांपुढे मी लिहिलं असतं: किरकोळ दोष.